काळा धूर आणि न लागणारा दिवा



‘हातची विद्या’ या आपल्या सदरात आज जुन्या मोटारगाडीचा विषय घेतला आहे. आपल्या वस्त्यांतून अनेक घरांची चूल गाडीवर पेटते. कोणी टॅक्सी चालवतो, कोणी टेम्पो, कोणी जुनी ओम्नी घेऊन माल पोहोचवतो. अशा घरात गाडी आजारी पडली की माणूस आजारी पडल्यासारखीच कळा येते. रोजची कमाई थांबते, हप्ता मात्र थांबत नाही. त्यातून गॅरेजवाल्याने अंदाजाने भाग बदलायला सुरुवात केली, तर कर्ज काढून कर्जावर बसायची पाळी येते. हे कसे टळेल, ते आज पाहू. गाडी नसलेल्यांनीही वाचावे. यातली मुख्य गोष्ट गाडीपुरती नाही.

प्रसंग माझ्या घरचाच सांगतो. २०१६ सालची गोष्ट. माझा भाचा कल्याण पूर्वेला राहतो. त्याने बेकरीचा माल पोहोचवण्यासाठी २००७ च्या मॉडेलची पेट्रोलवरची ओम्नी घेतली होती. निम्मे पैसे त्याचे स्वतःचे, निम्मे ताईने बचत गटातून उचललेले. पहाटे चार वाजता पाव, ब्रून, टोस्ट भरायचे आणि सात वाजेपर्यंत तीस-पस्तीस दुकानांना पोहोचवायचे. म्हणजे तीस-पस्तीस वेळा गाडी बंद करायची आणि तितक्याच वेळा सुरू करायची.

एक दिवस त्याचा निरोप आला, “मामा, गाडी छळायला लागली. पहाटे एका सेल्फमध्ये उठते. पण दहा-बारा दुकानं झाली की बंद केलेली गाडी परत सुरूच होत नाही. मागून काळा धूर, पेट्रोलचा वास. अ‍ॅव्हरेज पार निम्म्यावर आलंय.”

मी विचारले, “गॅरेजला दाखवली का?”

“दोन महिने दाखवतोय. प्लग बदलले, इंजेक्टर साफ केले, ऑक्सिजन सेन्सर नवा टाकला. साडेअकरा हजार गेले. आता म्हणतात ईसीएमच गेला. त्याचे वेगळे.”

“ईसीएम गेला हे त्यांनी कशावरून ठरवलं?”

भाचा गप्प झाला. कशावरून ठरवले हे त्याने विचारलेच नव्हते, आणि त्यांनीही सांगितले नव्हते.

आधी हे इंजेक्शन म्हणजे काय प्रकरण आहे, ते समजून घेऊ. मारुती ८०० ही गाडी १९८३ च्या डिसेंबरात रस्त्यावर आली तेव्हा तिला कार्बोरेटर होता. इंजिनाने हवा ओढली की तिच्या ओढीने बारीक जेटमधून पेट्रोल वर यायचे. सगळा कारभार हवेच्या ओढीवर आणि मिस्त्रीच्या स्क्रूवर. धुराचे नियम कडक झाले, तसे २००० सालच्या सुमारास या गाड्यांत एमपीएफआय म्हणजे प्रत्येक सिलेंडरला स्वतंत्र इंजेक्टर आला. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ साली बंद झाले, ओम्नीचे २०१९ साली. पण यातल्या कितीतरी गाड्या पुढेही रस्त्यावर राबत राहिल्या.

या पद्धतीत टाकीतला विजेचा पंप पेट्रोलला दाब देतो. इंजेक्टर म्हणजे विजेवर उघडझाप करणारा बारीक नळ. तो किती वेळ उघडा ठेवायचा हे ईसीएम नावाची पेटी ठरवते. इंजिन नुसते आयडलवर असताना हा नळ एका वेळी सेकंदाचे दोन ते चार हजारावे भाग एवढाच उघडतो. पेट्रोल नीट जळायला एक किलो पेट्रोलला साधारण १४.७ किलो हवा लागते. हे प्रमाण सांभाळणे हेच त्या पेटीचे काम.

पण पेटी आंधळी आहे हे लक्षात ठेवा. तिला इंजिन दिसत नाही. सेन्सर जे कानात सांगतील त्यावर ती विश्वास ठेवते. हवेचा दाब एक सेन्सर सांगतो, पाय किती दाबला हे दुसरा, इंजिनाचे पाणी किती तापले हे तिसरा, आणि धुरात ऑक्सिजन किती उरला हे चौथा. सेन्सरने खोटे सांगितले तर शहाणी पेटीसुद्धा चुकीचा हुकूम देते. न्यायाधीश कितीही चांगला असला तरी साक्षीदारच खोटा निघाला तर निकाल काय लागणार?

म्हणून पहिला नियम असा, की पाना हातात घेण्याआधी प्रश्न विचारा. त्रास थंड इंजिनाला होतो की गरम? आयडलवर की चढावर? कायम की मधूनमधून? कशानंतर सुरू झाला? डॉक्टर नाडी धरण्याआधी विचारपूस करतो, तसेच.

भाच्याच्या उत्तरातच निम्मे निदान होते. थंड गाडी झकास उठते, म्हणजे बॅटरी, सेल्फ, ठिणगी आणि पंप यांत मोठा दोष नसावा. गरम झाल्यावर काळा धूर येतो, म्हणजे पेट्रोल जास्त जाते आहे. थंड इंजिनाला जास्त पेट्रोल लागतेच, म्हणून तेव्हा ते खपून जाते. गरम इंजिनाला ते नको असते, म्हणून तिथे गाडी गुदमरते. त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. गाडी अडली की पाय पूर्ण दाबून सेल्फ मारला तर ती उठते. जास्त हवा आत गेली की पेट्रोलने भिजलेले इंजिन मोकळे होते. यावरूनही तेच दिसत होते.

दुसरा नियम, साध्यापासून सुरुवात करा. रविवारी कल्याणला गेलो. ओम्नीचे इंजिन पुढच्या सीटखाली असते. सीट उचलली आणि आधी एअर फिल्टर पाहिला. तो चोंदला असता तर हवा कमी पडून धूर आला असता. तो ठीक होता. बॅटरी मोजली. गाडी बंद असताना साडेबारा व्होल्ट, चालू असताना चौदाच्या जवळ. ठीक. बॅटरी कमजोर असली की पेटी आणि पंप दोन्ही भलतेच वागतात, म्हणून हे आधी पाहावे.

मग तिन्ही प्लग काढले. प्लग म्हणजे इंजिनाची जीभ. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त. पांढरट भाजलेला असेल तर पेट्रोल कमी किंवा इंजिन फार तापते. पेट्रोलने ओला असेल तर ठिणगी पडत नाही किंवा इंजिन भिजले आहे. तेलकट असेल तर पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हच्या सीलकडे पाहावे.

इथे एक मोलाची खूण आहे. तीनपैकी एकच प्लग काळा असेल, तर दोष त्या एका सिलेंडरचा, म्हणजे तिथला इंजेक्टर, वायर किंवा ठिणगी. आमचे तिन्ही प्लग सारखेच काळे होते. तिन्ही इंजेक्टर एकाच वेळी, सारखेच बिघडतील असे सहसा होत नाही. म्हणजे दोष तिघांना सामाईक अशा जागी असणार. एवढ्या साध्या विचाराने इंजेक्टर सफाईचे पैसे वाचले असते.

तिसरा नियम, दिवा पाहा पण दिव्यावर सगळा भार टाकू नका. चावी फिरवली की इंजिनाचा पिवळा दिवा लागला पाहिजे आणि गाडी सुरू झाल्यावर विझला पाहिजे. चावी फिरवूनही लागत नसेल तर दिवाच गेला आहे, किंवा पेटीला वीज पोहोचत नाही. आमचा दिवा लागत होता आणि विझत होता. गॅरेजवाला म्हणाला होता, “दिवा नाही, म्हणजे सेन्सर सगळे चांगले.” इथेच तो चुकला. सेन्सरची वायर पूर्ण तुटली तर पेटीला अशक्य आकडा दिसतो आणि ती दिवा लावते. पण सेन्सरने शक्य वाटेल असे खोटे सांगितले, तर पेटी ते खरे मानते. दिवा लागत नाही.

आता सामाईक जागा कोणत्या? पहिली, पेट्रोलचा दाब. चावी फिरवल्यावर दोन-तीन सेकंद टाकीतून पंपाची गुणगुण ऐकू येते. नुसत्या आवाजावर समाधान मानू नये, घड्याळ लावून दाब मोजावा. अशा सुझुकी घराण्याच्या गाड्यांत इंजिन बंद आणि पंप चालू असताना साधारण २.७ ते ३.१ किलो दाब अपेक्षित असतो. पण त्या त्या मॉडेलच्या सर्व्हिस पुस्तकातला आकडाच प्रमाण मानावा. दाब कमी असेल तर चढावर गाडी दम सोडते, पिकअप मिळत नाही. तिथे फिल्टर, पंप आणि पंपाला मिळणारी वीज पाहावी. काही गाड्यांत दाब राखणारा रेग्युलेटर इंजिनावरच असतो. त्याची व्हॅक्यूमची नळी काढून पाहावी. आत पेट्रोल लागले तर त्याचा पडदा फाटला आहे आणि काळ्या धुराचे कारण सापडले. आमच्या गाडीचा दाब नेमका होता. गाडी बंद केल्यावर तो भराभर उतरलाही नाही. उतरला असता तर गळक्या इंजेक्टरचा संशय आला असता.

दाब मोजताना मात्र जपा. लाईनमध्ये दाबाखालचे पेट्रोल असते. नळी एकदम काढली तर गरम इंजिनावर फवारा उडून आग लागू शकते. आधी पंपाचा फ्यूज किंवा रिले काढून गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालवावी, म्हणजे दाब उतरतो. इंजिन थंड होऊ द्यावे, विडी-सिगारेट दूर ठेवावी, मुलांना जवळ येऊ देऊ नये. काम मोकळ्या जागेत करावे. घड्याळ वापरायची सवय नसेल तर हे काम जाणत्याकडूनच करून घ्यावे.

दुसरी सामाईक जागा म्हणजे पाण्याच्या तापमानाचा सेन्सर. आकाराने बोटाएवढा. तो थंड असताना त्याचा विरोध जास्त, तापला की कमी. या गाड्यांत २० अंशांना साधारण २,२०० ते २,७०० ओहम, आणि ८० अंशांना साधारण ३०० ओहम. साधा मल्टिमीटर हे मोजतो. तो पाचशे रुपयांच्या आत मिळाला होता.

गाडी चांगली तापवली. चावी बंद केली. सेन्सरचा कपलर काढून सेन्सर मोजला. ३१० ओहम. सेन्सर चांगला! भाचा हिरमुसला. मी म्हटले, “थांब. साक्षीदार खरं बोलतोय. पण त्याचं बोलणं न्यायाधीशापर्यंत तसंच पोहोचतंय का, ते बघू.” कपलर परत बसवला, बॅटरीची वायर सोडवली, ईसीएमकडचा जोड काढला आणि त्याच दोन वायरी पेटीच्या टोकाला मोजल्या. आकडा २,३०० च्या आसपास नाचू लागला.

वाचकांनो, इथे हिशेब मांडा. सेन्सर सांगतो ३००, पेटीला ऐकू येते २,३००. मधले दोन हजार कुठे आले? वाटेत कुठेतरी गंज आहे. आणि २,३०० ओहम म्हणजे पेटीच्या लेखी साधारण २० अंश. इंजिन ८० अंशांच्या वर तापलेले, पण पेटीला वाटते की पहाटेची थंड गाडी आहे. म्हणून ती माया करून जास्त पेट्रोल पाजते आहे, आयडलही चढवून ठेवते आहे. २० अंश हा शक्य आकडा आहे, म्हणून दिवा नाही. आणि इंजिन थंड आहे असे वाटत असेपर्यंत पेटी ऑक्सिजन सेन्सरचे ऐकत नाही, म्हणून तो नवा टाकूनही काडीचा फरक पडला नाही. एकेक कोडे सुटले.

कपलर उघडून पाहिला. एका पिनेवर हिरवा गंज चढला होता. भाच्याला आठवले, “मामा, त्रास सुरू होण्याच्या थोडं आधी इंजिन पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन घेतलं होतं.” पाणी कपलरात शिरून बसले होते. पिन घासून साफ केली, सैल झालेली दाबून घट्ट केली, परत मोजले. पेटीच्या टोकाला ३१५. जोड बसवले, बॅटरी लावली. गाडी सुरू केली, फेरफटका मारला, बंद केली, पुन्हा सेल्फ मारला. एका झटक्यात उठली. दहा वेळा बंद करून दहा वेळा उठवली. ताई दारात उभी होती. ती म्हणाली, “म्हणजे साडेअकरा हजार रुपये त्या एवढ्याशा हिरव्या डागापायी गेले?”

मी म्हटले, “नाही ताई. ते न मोजण्यापायी गेले.”

त्या गॅरेजवाल्याला लबाड म्हणायला मी तयार नाही. त्याला कोणी शिकवलेच नसेल. कार्बोरेटरच्या काळात कानाने ऐकून, हाताने चाचपून काम चालायचे. आपली किती मुले अशा गॅरेजांत पोरवयात लागली! भाग धुवायचे, पाने द्यायचे, चहा आणायचा. उस्तादाने खरी कळ दाखवायची वेळ आली की पोराला बाहेर पिटाळायचे. विद्या अशी झाकून ठेवली की ती झाकणाऱ्याच्या हातातही कुजते. नवे इंजिन आले तेव्हा ज्याने मोजायला शिकले नाही तो बदलायला शिकला. आणि बदलण्याचा खर्च गिऱ्हाइकाच्या खिशातून जातो.

म्हणून गाडी गॅरेजला नेताना तीन प्रश्न पाठ करून जा. एक, काय मोजले? दोन, किती आले? तीन, किती यायला हवे होते? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली तर भाग बदला. नुसते “बदलून बघू” असे उत्तर मिळाले तर थांबा. बदललेला जुना भाग परत मागून घ्या आणि बिल लिहून घ्या. भगिनींनीही हे प्रश्न बेधडक विचारावेत. घरातला पैसा त्यांचाही असतो, आणि प्रश्न विचारायला गाडी चालवता यावी लागत नाही.

आणखी काही सूचना. गाडी गरम होऊन आचके देते, आयडल हेलकावे खाते, पण काळा धूर नाही, असे असेल तर हवेची गळती शोधा. रबराच्या नळ्या वयाने तडकतात. एखाद्या सिलेंडरचे मिसिंग असेल तर लांब डिसमिसचे टोक इंजेक्टरवर टेकवून मूठ कानाला लावा. टिक-टिक ऐकू आली तर तो उघडझाप करतो आहे. मात्र पट्टा आणि पंखा फिरत असतो, कपडे-केस सांभाळा. न वाजणाऱ्या इंजेक्टरचा विरोध मोजा. या प्रकारात तो साधारण ११ ते १७ ओहम असतो. विरोध ठीक असेल तर त्याला वीज येते का ते पाहा. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर कधीही काढू नका, पेटी जळू शकते. अर्थिंगच्या वायरी घासून घट्ट ठेवा. इंजिनावर पाण्याचा जोराचा फवारा मारू नका.

पेट्रोलही आता पूर्वीचे राहिलेले नाही. २०२५ सालापर्यंत देशभर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल पंपांवर आले. जुन्या गाड्यांचे रबर त्या हिशेबाने बनवलेले नव्हते. इथेनॉल पाणी शोषून घेते. म्हणून जुन्या गाडीच्या नळ्या आणि सील दर सर्व्हिसिंगला तपासा, गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नका, आणि पेट्रोलचा वास आला तर त्याच दिवशी दाखवा. धूर काळा येत असेल तर तो आधी आपल्याच वस्तीतल्या लेकरांच्या छातीत जातो, हेही विसरू नका.

शेवटी तरुणांसाठी. दहावी झालेल्या मुला-मुलींना आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. तिथे जा. मल्टिमीटर स्वतःचा घ्या. मोजलेला प्रत्येक आकडा वहीत लिहा: गाडी कोणती, इंजिन थंड की गरम, काय आले. वर्षभरात ती वही अशी होईल की उस्ताद तुम्हाला विचारायला येईल. आणि कोणी विचारले तर झाकू नका, सांगा.

भाच्याने तसेच केले. ओम्नी त्याने आणखी चार वर्षे चालवली, ताईचे गटाचे पैसे फेडले. बेकरीच्या फेऱ्यांत दुसऱ्या कोणाची गाडी अडली की तो सीट उचलून बघायचा. त्याच्या गाडीत एक वही असायची. पहिल्या पानावर लिहिले होते: पाण्याचा सेन्सर, गरम, ३१०. पेटीकडे, २३००. आणि खाली एकच शब्द: गंज.

पुढील अंकी आपण डिझेल इंजिनाच्या लाईनमध्ये हवा कशी शिरते आणि ती कशी काढायची, ते पाहू.